६० पिनांच्या कॅसेटचा जुना टीव्ही गेम: आत नेमकं काय आहे आणि एलसीडीवर चित्र कसं आणायचं?

मंजिरी_पुणे

नव्वदच्या दशकातला एक टीव्ही गेम पुन्हा चालू करायचा आहे. काळा डबा, दिसायला सेगाच्या मेगा ड्राइव्हसारखा, पण कंपनीचं नाव कुठेच नाही. सोबत पिवळी कॅसेट आहे, तिच्यावर "९९९९९९९ इन १" असं छापलंय. कॅसेटच्या पट्टीवर एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३० अशा ६० पिना मोजल्या. मागच्या बाजूला टीव्हीच्या अँटेनात जाणारी वायर आणि अ‍ॅडॅप्टरचं भोक एवढंच आहे, पिवळी-पांढरी एव्ही भोकं नाहीत. अ‍ॅडॅप्टर हरवलाय. तळाच्या कागदावर फक्त "डीसी ९ व्ही" वाचता येतं.

हा निन्टेन्डो आहे की सेगा? असे डबे त्या काळी घरोघरी होते, पण दुकानात निन्टेन्डोचा खोका क्वचितच दिसायचा, मग हे आले कुठून? आणि मुख्य म्हणजे कोणता अ‍ॅडॅप्टर लावू आणि ३२ इंची एलसीडीवर चित्र कसं आणू? मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे, जुजबी डाग देता येतो.

---

कॅसेटवाला

६० पिना म्हटल्यावर विषय संपला. डबा सेगासारखा असला तरी आत जपानी फॅमिकॉमची नक्कल आहे. निन्टेन्डोने फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानात १४,८०० येनला आणला. अमेरिकेत १९८५ मध्ये तोच एनईएस नावाने गेला, पण कॅसेट बदलून: तिथे ७२ पिना. जास्तीच्या पिनांपैकी चार एका कुलुपासाठी होत्या. एनईएसच्या आत एक छोटी चिप आणि प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप, दोघींचं जमलं नाही तर मशीन सेकंदासेकंदाला स्वतःला रीसेट करतं. जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूपच नव्हतं. ६० पिनांची कॅसेट कोणीही बनवावी, कोणत्याही मशीनमध्ये घालावी, ती चालणार. नकलांचा सगळा बाजार या एका गोष्टीवर उभा राहिला.

चिपचं म्हणाल तर मूळ मशीनमध्ये रिको कंपनीच्या दोन मुख्य चिप होत्या, एक प्रोसेसर आणि एक चित्र काढणारी. तैवानच्या यूएमसीने या दोन्हींच्या पिनला पिन जुळणाऱ्या नकला काढल्या आणि त्या जगभर गेल्या. रशियात १९९२ च्या शेवटी स्टीपलर कंपनीने 'डेंडी' नावाने विकल्या, पोलंडमध्ये 'पेगासस', आपल्याकडे कोणत्याही नावाने किंवा नावाशिवाय.

तुमचा डबा उघडा (तळाचे चार-पाच स्क्रू, एखादा कागदाखाली लपलेला असतो) आणि तीन गोष्टी पाहून इथे लिहा. एक, ४० पायांच्या दोन लांब चिप आहेत की बोर्डावर डांबरासारखा काळा गोल ठिपका आहे. ठिपका असेल तर सगळं मशीन एकाच चिपमध्ये कोंबलेलं आहे. तसा बोर्ड बिघडला तर दुरुस्त करण्यासारखं फारसं काही नसतं. दोन, चिपवरचे नंबर. तीन, पत्र्याच्या क्रिस्टलवरचा आकडा. हा क्रिस्टल मशीनचं घड्याळ चालवतो. आकडा २१.४७७ असेल तर मशीन एनटीएससीचं, २६.६०१ असेल तर पालचं (या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती, आपल्याकडची पाल).

कॅसेटवरच्या आकड्याबद्दल: ९९९९९९९ खेळ नसतात हे तुम्हाला माहीत असेलच, पण तेच ते खेळ का असतात याचं कारण सरळ आहे. फॅमिकॉमचे सुरुवातीचे खेळ २४ किंवा ४० किलोबाइटचे. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) बरोबर ४० किलोबाइट. एक मेगाबाइटच्या चिपमध्ये असे पंचवीसएक मावतात. कॅसेटमध्ये एक साधी चिप फक्त "आता या पानापासून वाच" एवढंच सांगते. मारिओ ३ मात्र ३८४ किलोबाइटचा आहे आणि त्याला कॅसेटमध्ये वेगळी नियंत्रक चिप लागते, म्हणून स्वस्त पिवळ्या कॅसेटमध्ये तो सापडत नाही. यादीतली बाकीची नावं म्हणजे तोच खेळ, फक्त दुसऱ्या लेव्हलपासून किंवा जास्त जीव देऊन सुरू केलेला.

---

डाग_आणि_तार

अ‍ॅडॅप्टर लावण्याआधी थांबा. मरतात ती मशीनं इथेच मरतात.

मूळ फॅमिकॉमचा अ‍ॅडॅप्टर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर आणि *मधली पिन निगेटिव्ह*. आज बाजारात मिळणारे जवळजवळ सगळे अ‍ॅडॅप्टर मधली पिन पॉझिटिव्ह असतात. नकली डब्यांत दोन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका, मोजा. बोर्डावर तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर (अ‍ॅडॅप्टरचे व्होल्ट उतरवून स्थिर ५ व्होल्ट देणारा भाग) असेल, बहुतेक वेळा पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने आवळलेला. त्याचा मधला पाय म्हणजे ग्राउंड. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक त्या मधल्या पायाला आणि दुसरं टोक अ‍ॅडॅप्टरच्या भोकातल्या मधल्या पिनला. बीप वाजला तर मधली पिन निगेटिव्ह. नाही वाजला तर भोकाच्या बाहेरच्या पत्तीला लावून बघा, तिथे वाजायला हवा. दोन्हीकडे वाजलं तर शॉर्ट आहे, वीज देऊच नका.

आणखी एक घात: अमेरिकन एनईएसचा अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट *एसी* देतो. एनईएसच्या आत ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) असतो म्हणून तिथे ते चालतं. फॅमिकॉममध्ये तो नसतो. गोल पिन बसते म्हणून तो अ‍ॅडॅप्टर इथे लावला की रेग्युलेटर गेलाच, आणि नशीब वाईट असेल तर त्याच्यामागे चिपही.

तुम्ही ९ व्होल्ट १ अँपिअरचा स्विचिंग अ‍ॅडॅप्टर घ्या. १२ व्होल्टचा लावू नका. रेग्युलेटर वरचे सगळे व्होल्ट उष्णता करून जाळतो. ३०० मिलिअँपिअर धरले तर ९ व्होल्टवर (९ वजा ५) गुणिले ०.३ म्हणजे १.२ वॉट, १२ व्होल्टवर २.१ वॉट. या डब्यांतला पत्र्याचा तुकडा एवढासा असतो, त्याला २ वॉट झेपत नाहीत. अर्ध्या तासात चित्र गोठतं. ७ व्होल्टच्या खालीही जाऊ नका, ७८०५ ला वर साधारण २ व्होल्ट लागतात.

पहिल्यांदा कॅसेट न लावता चालू करा आणि ७८०५ च्या मधल्या आणि आउटपुटच्या पायात व्होल्ट मोजा. ४.८ ते ५.२ हवेत. कमी आले किंवा आकडा नाचत राहिला तर शेजारचा मोठा कपॅसिटर (बहुतेक १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट) सुकलाय. तो तीस वर्षांचा आहे, तसाही बदलून टाका. पट्टा असलेली बाजू निगेटिव्ह.

---

मंजिरी_पुणे

सगळं मोजलं. मधली पिन निगेटिव्ह निघाली. तसाच ९ व्होल्ट १ अँपिअरचा आणला, रेग्युलेटरनंतर ४.९८ व्होल्ट. आत दोन लांब चिप आहेत: यूए६५२७पी आणि यूए६५३८. क्रिस्टल २६.६०१.

टीव्हीवर अ‍ॅनालॉग शोध लावला तर चॅनल सापडलं. चित्र येतं पण मुंग्या भरपूर आहेत. आवाज अजिबात नाही, नुसती खरखर. आणि कॅसेट लावल्यावर दहापैकी सहा-सात वेळा सपाट एकाच रंगाचा पडदा येतो.

---

कॅसेटवाला

वा, चांगला बोर्ड निघाला. यूए६५२७पी आणि यूए६५३८ ही जोडी पाल देशांसाठी बनवलेली, आणि ती ज्याने आखली त्याने डोकं चालवलं होतं. निन्टेन्डोच्या अधिकृत युरोपीय मशीनमध्ये २६.६ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला १६ ने भागून प्रोसेसर चालवला, म्हणजे १.६६ मेगाहर्ट्झ. चित्राची चिप ५ ने भागते. त्यामुळे प्रोसेसरच्या एका ठोक्यात चित्राचे ३.२ ठिपके निघतात, जपानी मशीनमध्ये मात्र बरोबर ३. ज्या खेळांत पडद्याचा वरचा भाग स्थिर ठेवून खालचा सरकवलेला असतो, त्यांचा हिशोब ३ वर बसवलेला असतो आणि युरोपीय मशीनवर तिथे चित्र थरथरतं. यूएमसीने १५ ने भागलं. १.७७ मेगाहर्ट्झ, परत बरोबर ३ ठिपके. म्हणून जपानी खेळांच्या चोरलेल्या प्रती तुमच्या पाल डब्यावर न बदलता चालतात. फरक एवढाच की सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रं येतात, त्यामुळे खेळ आणि गाणं दोन्ही मूळच्या ८३ टक्के वेगाने. आपल्याकडे मारिओची चाल ज्यांच्या कानात बसलीय, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कानात ती या संथ वेगातच बसलीय.

सपाट रंगाचा पडदा म्हणजे कॅसेटचा संपर्क होत नाही. या मशीनला कुलूप नाही, त्यामुळे दुसरं कारण शोधत बसू नका. कॅसेटच्या पिनांवर मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्के) घेऊन पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. स्लॉटसाठी जुन्या एटीएम कार्डाला सुती कापड गुंडाळा, अल्कोहोलने ओलसर करा आणि दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. सँडपेपर नको, पिनेवरचा मुलामा निघून जातो. फुंकर तर अजिबात नको. फुंकरीने चालू झाल्यासारखं वाटतं कारण कॅसेट काढून परत बसते. थुंकीतला ओलावा मात्र तांब्यावर हिरवट गंज आणतो.

---

ट्यूनर_नाशिक

आवाजाचं सांगतो. पाल म्हटलं तरी त्यात पोटप्रकार आहेत. आपल्याकडे पाल बी, म्हणजे चित्रापासून आवाज ५.५ मेगाहर्ट्झ वर. चीन आणि रशियासाठी बनवलेले डबे डी/के, तिथे ६.५. तुमच्या डब्याचा मॉड्युलेटर (चित्र आणि आवाज अँटेनाच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) त्यातला असणार. टीव्हीच्या मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये 'साउंड सिस्टिम' किंवा 'कलर/साउंड' असा पर्याय शोधा आणि बी/जी ऐवजी डी/के करा. खरखर जाऊन आवाज यायला हवा.

मुंग्यांचा मात्र इलाज करत बसू नका, मॉड्युलेटर बाजूला ठेवून एव्ही काढा.

हे डबे आले कुठून असं मंजिरीताईंनी सुरुवातीला विचारलं होतं, म्हणून एक जोड देतो. निन्टेन्डोच्या मानाने सेगाचा प्रयत्न इथे ठळक होता. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीतर्फे सेगाची मशीनं भारतात विकायला आली. आयात शुल्क ८० टक्क्यांच्या घरात, आणि मेगा ड्राइव्हची किंमत सुमारे १८,००० रुपये. ही किंमत देणारी घरं त्या काळी किती होती, आणि शेजारच्या दुकानात सेगासारखाच दिसणारा डबा त्याच्या छोट्याशा अंशात मिळत होता. मंजिरीताईंच्या डब्याला मेगा ड्राइव्हचं रूप का दिलं असेल, याचं उत्तर इथेच आहे. कवच नव्या मशीनचं, पोट १९८३ चं.

---

कॅसेटवाला

शुल्काचा मुद्दा बरोबर, पण तेवढंच कारण धरू नका. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर संख्येचीही बंधनं होती. उरलेल्या ७१५ वस्तूंवरची १ एप्रिल २००१ ला उठली. दुसरीकडे निन्टेन्डोचा धंदा कॅसेटच्या पैशावर चालायचा. अमेरिकेत बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच खेळ काढायची परवानगी, आणि कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची. १९८३ मध्ये अमेरिकेत अटारीच्या मशीनवर वाटेल त्याने वाटेल तसे खेळ ओतले आणि बाजार बसला. न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरल्या गेल्या, २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या. निन्टेन्डोने कुलूप घातलं ते हे बघून. जिथे कॅसेटवर ताबा ठेवता येत नाही तिथे हा हिशोब जुळत नाही. कोरियात जपानी मालावर निर्बंध होते, तर तिथे ह्युंदाईला पुढे करून 'कॉम्बॉय' नावाने मशीन विकलं. आपल्याकडे तेवढा जोर कोणी लावला नाही आणि ती जागा ६० पिनांच्या डब्यांनी भरून काढली. माझ्या मते भारतातला पहिला खरा कन्सोल बाजार या बिननावाच्या डब्यांचाच, आणि त्याचा इतिहास लिहायचा तर असे बोर्ड उघडून चिपचे नंबर नोंदवूनच लिहावा लागेल. मंजिरीताई, बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो जपून ठेवा.

---

डाग_आणि_तार

आता एव्ही. मॉड्युलेटर म्हणजे ती पत्र्याची बंद डबी. तिच्यात तीन तारा जातात: ५ व्होल्ट, चित्र, आवाज. आवाज तिथूनच घ्या, मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकून पांढऱ्या आरसीएला (एव्हीचं गोल भोक). प्लस बाजू बोर्डाकडे.

चित्र थेट यूए६५३८ या चित्राच्या चिपच्या २१ नंबरच्या पायावरून घ्या. पाय मोजताना चिपवरची खाच वर धरा, डाव्या बाजूचा वरचा १, डाव्या तळाशी २०, उजव्या तळाशी २१. तो पाय ७५ ओमचा टीव्ही ओढू शकत नाही, म्हणून मध्ये एक पीएनपी ट्रान्झिस्टर: बेस २१ नंबरला, कलेक्टर ग्राउंडला, एमिटर ३०० ओममधून ५ व्होल्टला. एमिटरवरूनच पुढे २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (प्लस बाजू एमिटरकडे), मग ११० ओम, मग पिवळी आरसीए. २१ नंबरपासून जुन्या मॉड्युलेटरकडे जाणारी तांब्याची रेघ कटरने कापा, नाहीतर चित्राला सावली पडते.

ट्रान्झिस्टर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन-चार रुपयांत मिळेल, पण पायांचा क्रम नीट बघा. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर डावीकडून: बीसी५५७ चे कलेक्टर, बेस, एमिटर; २एन३९०६ चे एमिटर, बेस, कलेक्टर; ए१०१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस. एकासाठी काढलेल्या चित्रावर दुसरा बसवला की पडदा काळा. या जोडणीत सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

नव्या टीव्हीला पिवळं भोक नसेल तर ३.५ मिमीची चार पट्ट्यांची पिन लागते. तिच्यात चित्र आणि ग्राउंडचा क्रम कंपनीगणिक बदलतो. मोबाइलची किंवा जुन्या कॅमेऱ्याची वायर लावली तर चित्राऐवजी घुंईऽ आवाज येतो. टीव्हीसोबतचीच वायर घ्या, किंवा मल्टिमीटरने तपासून.

---

मंजिरी_पुणे

डी/के केल्यावर आवाज आला! मग एव्हीही जोडलं (बीसी५५७). मुंग्या गेल्या, रंग स्वच्छ, कॅसेट साफ केल्यावर दरवेळी चालतेय. तीन गोष्टी उरल्या. निळ्या आकाशात बारीक उभ्या रेषा दिसतात. डक हंटची बंदूक काहीच टिपत नाही. आणि मारिओला लागल्यावर तो लुकलुकायच्या ऐवजी काही वेळ पूर्ण गायब होतो.

---

डाग_आणि_तार

उभ्या रेषा म्हणजे चिपच्या आतली गडबड चित्रात गळतेय. ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर चिपच्या मागून थेट २० (ग्राउंड) आणि ४० (५ व्होल्ट) नंबरच्या पायांवर डागा. २१ पासून ट्रान्झिस्टरपर्यंतची तार ३ सेंटिमीटरच्या आत ठेवा, प्रोसेसरवरून नेऊ नका. रेषा पूर्ण जात नाहीत, पण दोन हात लांबून दिसेनाशा होतात.

---

ट्यूनर_नाशिक

मारिओ गायब होण्याचं कारण टीव्हीत आहे. मशीन दर वेळी पूर्ण चित्र पाठवतं, सम-विषम ओळींचं अर्धं-अर्धं नाही. एलसीडी मात्र ते अर्धं-अर्धं समजून दोन-दोन चित्रं एकत्र विणते. मारिओ एका चित्रात असतो, दुसऱ्यात नसतो. विणताना त्याचा बळी जातो. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर लावा, नॉइज रिडक्शन बंद करा. थोडा फरक पडेल आणि बटण दाबल्यावरची दिरंगाईही कमी होईल.

बंदुकीला एलसीडीवर इलाज नाही. घोडा ओढला की खेळ पडदा काळा करतो आणि पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीतला डोळा त्या क्षणी उजेड दिसतो का ते बघतो. एलसीडी तेच चित्र काही चित्रं उशिरा दाखवते, तोवर खेळाने "नेम चुकला" ठरवलेलं असतं. शिवाय बंदुकीतलं सर्किट पिक्चर ट्यूबच्या झपाझप सरकणाऱ्या किरणाचाच उजेड ओळखतं, एलसीडीचा एकसारखा उजेड नाही. डक हंट खेळायचं तर जुना पेटीचा टीव्ही शोधा, १४ इंचीही चालेल.

---

कॅसेटवाला

जुना टीव्ही आणलात तर एक सावधगिरी. दुसऱ्या भोकात बंदुकीऐवजी जादा रिमोट हवा म्हणून मेगा ड्राइव्हचा रिमोट लावू नका. ९ पिनांचं तोंड तेच आहे, बसतोही, पण आत ५ व्होल्टची पिन वेगळी आहे. या डब्यांत ती सहसा ६ नंबरची, सेगामध्ये ५ नंबरची. बाजारातून घेताना "८ बिट, ९ पिन" असं सांगून घ्या आणि लावण्याआधी डब्याच्या भोकात ६ आणि ८ मध्ये ५ व्होल्ट येतात का ते मोजून घ्या.